रील दाखवू नका, ल्युअर दाखवा: स्पिनिंगचा रॉड आणि बेटकास्टिंगचा रॉड

गेल्या पावसाळ्यात भाचा मासे गरवायला नवंकोरं बेटकास्टर रील (लाइन, म्हणजे गळाचा दोरा, फेकताना ज्याचा स्पूल फिरतो ते) घेऊन आला. दुकानदाराने सांगितलं होतं, "रॉड कुठलाही चालतो." मग याने ते घरच्याच सात फुटी स्पिनिंग रॉडला खालून आवळलं, मानशीवर (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) उभा राहिला, सात ग्रॅमचा ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकला आणि पहिल्याच फेकीत स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या रिळावर, फणीतल्या केसांसारखी गुंतावळ. "मामा, रील फॉल्टी आहे." रीलमध्ये काही म्हणता काही खोट नव्हती. हे वाक्य मी दर मोसमात कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

स्पिनिंग तुम्हाला येतंच. रील खाली, बेल (स्पूलसमोरची वाकडी तार) उघडायची, बोटावर लाइन अडवायची, फेकायचं. त्यावर वेळ घालवत नाही.

दिसणारे फरकही पटकन उरकतो. कास्टिंगच्या रॉडवर रील वर बसतं, रिंगाही वरच असतात, मुठीखाली बोट अडकवायला खुंटी असते. रिंगा लहान आणि संख्येने जास्त, कारण मासा ओढतो तेव्हा रॉड खाली वाकतो आणि वरून जाणारी लाइन दोन रिंगांच्या मधे रॉडला घासू बघते. स्पिनिंगच्या रॉडची पहिली रिंग वाटीएवढी, कारण तिथे लाइन मोठमोठी वेटोळी घेत येते. बेटकास्टर खाली लटकवला तर अंगठा स्पूलपर्यंत पोचतच नाही. अंगठ्याशिवाय बेटकास्टर म्हणजे ब्रेक नसलेली सायकल. हे एकदा सांगितलं की लोकांना कळतं.

कळत नाही ते पुढचं. शिवणाच्या दोऱ्याचं रीळ घ्या. ते टेबलावर उभं ठेवून दोरा वरच्या टोकाने ओढा: रीळ हलत नाही, दोरा वेटोळ्यांनी निघत राहतो. हे स्पिनिंग. आता त्याच रिळात पेन्सिल घालून आडवं धरा आणि दोरा ओढा: रीळ फिरल्याशिवाय दोरा सुटत नाही, आणि तुम्ही ओढायचं थांबलात तरी रीळ थोडं फिरतच राहतं. तो जास्तीचा दोरा कुठे जाणार? पेन्सिलीभोवती. हे बेटकास्टिंग. ब्रिटनमधल्या इलिंगवर्थ नावाच्या गिरणीमालकाने 1905 साली न फिरणाऱ्या स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं. सूत आणि बॉबिन पाहण्यात ज्याचा दिवस जायचा त्याला हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

म्हणजे बेटकास्टरमध्ये स्पूल फिरवण्याचं काम ल्युअरचं. त्याच्यात तेवढं वजन हवं. आणि रॉडचा संबंध इथेच येतो. रॉड मागे नेताना ल्युअरच्या वजनाने तो वाकतो आणि पुढे येताना सरळ होत ल्युअरला सपाट्याने पण सलग ढकलतो. ल्युअर हलका आणि रॉड दणकट असेल तर रॉड वाकतच नाही. मग माणूस खांद्यातून हिसडा देतो. हिसड्याने स्पूल एकदम भन्नाट सुटतो, ल्युअर मात्र हवेत लगेच मंदावतो. झाली गुंतावळ. हीच चूक स्पिनिंगवर केलीत तर काय होतं? फेक दहा पावलं कमी जाते, बस. स्पिनिंग चूक पोटात घालतं, बेटकास्टर व्याजासकट वसूल करतो. म्हणूनच वर्षानुवर्षं नीट गरवणारा माणूसही बेटकास्टर हातात आला की दोष रीलला देतो.

तेव्हा मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. तिथे दोन आकडे असतात आणि लोक नेमका चुकीचा वाचतात. 'लाइन 12-25 एलबी' (एलबी म्हणजे पौंड) हा दोऱ्याच्या ताकदीचा आकडा. 'ल्युअर 10-30 ग्रॅम' हा तुमच्या कामाचा. औंसात असेल तर अर्धा औंस म्हणजे 14 ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. त्या पट्ट्याच्या मधोमध बसणारा ल्युअर घ्या, कडेचा नको. 'मीडियम हेवी' म्हणजे रॉड वाकवायला जोर किती लागतो ते, रॉडचं वजन नव्हे. 'फास्ट' म्हणजे तो शेंड्याकडेच वाकतो. रीलवरचा 7:1 हा हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती फिरतो त्याचा आकडा, त्याचा रॉडच्या 'फास्ट'शी काडीचा संबंध नाही. "फास्ट रीलला फास्ट रॉड" असं कोणी छातीठोकपणे सांगू लागला की मी तिथून उठतो.

आमच्याकडे मानशीच्या तोंडाशी, सुकतीला पाणी बाहेर धावत असताना, चोणक या खाडीतल्या माशासाठी मी साडेसहा फुटी, मीडियम हेवी, फास्ट, 10-30 ग्रॅमचा कास्टिंग रॉडच वापरतो. फेक लांब लागत नाही, पण ल्युअर दगडाच्या वीतभर अलीकडे पडायला हवा, आणि उडत्या ल्युअरला अंगठ्याने अलगद थांबवायची सोय स्पिनिंगमध्ये नाही. शिवाय चोणक धरला की थेट कालवं लागलेल्या खांबाकडे धावतो. तिथे त्याला पहिल्या दोन हातांतच वळवावं लागतं. जिवंत सुंगट (कोळंबी) लावून हलकंच सोडायचं असेल तर मात्र स्पिनिंग. गोव्यातल्या केरी-मोरजीच्या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन बेटकास्टर फेकणाऱ्याला तर मी हौशी म्हणेन, शहाणा नाही. वारा ल्युअर अडवतो, स्पूल अडत नाही.

आणखी एक, घाईत सांगतो: बेटकास्टरचं हँडल उलट्या बाजूला लावता येत नाही. डावं की उजवं ते विकत घेतानाच ठरवा.

भाच्याला पुन्हा दुकानात पाठवला तो खिशात 18 ग्रॅमचा ल्युअर देऊन. दुकानदाराने विचारलं, "रील कुठलं आहे?" याने ल्युअर काउंटरवर ठेवला. रॉड आला, रील त्यावर बसवलं. अंगणात उभं राहून स्पूल मोकळा करणारं बटण दाबलं आणि बाजूची गोल कळ इतकी आवळली, की ल्युअर सावकाश खाली यावा आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबावा. मग ब्रेक भरपूर ठेवून तासभर नारळाच्या बुंध्यावर फेकी मारल्या. गुंतावळ दोनदा झाली. दोन्ही वेळा अंगठा दुसरीकडेच होता, आणि दोन्ही वेळा त्याने आधी रीलकडेच पाहिलं.