ट्रक ओढतो किती आणि पेलतो किती

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअप ट्रकचे चालकाच्या बाजूचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर हातभर उंचीला एक लहानसे पिवळे-पांढरे लेबल दिसते. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलोग्रॅम किंवा अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये, अशी सूचना त्यावर असते. स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर असलेला ट्रॅव्हल ट्रेलर मागे जोडून उन्हाळ्याच्या सुटीत राष्ट्रीय उद्याने पाहायला निघणाऱ्या कुटुंबाने ट्रकमध्ये सुधारणा करण्यासाठी एक डॉलरही खर्च करण्यापूर्वी हे लेबल वाचावे. जाहिरातीत मात्र दुसराच आकडा मोठ्या अक्षरांत असतो: हा ट्रक साडेचार टन ओढतो, तो पाच टन ओढतो. ओढणे वेगळे आणि पेलणे वेगळे. आणि ‘हाफ टन’ वर्गातल्या ट्रकची पेलण्याची मर्यादा बहुतेक वेळा ओढण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ आधी संपते.

‘हाफ टन’ हे नाव आता केवळ परंपरेने चालत आले आहे. अमेरिकी टन २,००० पौंडांचा. त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ४५० किलो, एवढा माल पूर्वी अशा ट्रकच्या हौद्यात नेता येत असे. आजचे फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० किंवा टोयोटा टुंड्रा त्याहून बरेच जास्त पेलतात. तरीही एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांच्या लेबलांत शंभर-दीडशे किलोंचा फरक सहज पडतो, कारण काचेचे छत, चामड्याच्या विजेवर सरकणाऱ्या खुर्च्या, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा या सगळ्यांचे वजन पेलण्याच्या क्षमतेतूनच वजा होते. त्यामुळे शोरूममधला सर्वांत महागडा ट्रक पुष्कळदा सर्वांत कमी पेलणारा निघतो, आणि ही गोष्ट विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो.

एक नमुना हिशेब करून पाहू. लेबलवर ७०० किलो लिहिलेले आहे आणि सामानासकट ट्रेलरचे वजन २,७०० किलो आहे, असे धरू. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग त्याच्या पुढच्या दांडीतून ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवण्यासाठी असलेल्या पोलादी गोळ्यावर टेकलेला असावा लागतो. इथे तेरा टक्के धरले तर तो साधारण ३५० किलो भरतो. ट्रक आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या हिचचे वजन ४० किलो, आईवडील आणि दोन मुलांचे मिळून २५० किलो. बेरीज ६४० झाली. चार सायकली, जनरेटर आणि शेकोटीसाठी लाकूड यांच्यासाठी ६० किलो उरले, आणि जाहिरातीतल्या साडेचार टनांपैकी पावणेदोन टन अजून शिल्लकच आहेत.

दांडीवर एवढा भार मुळात कशासाठी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्यांना ठाऊक असते. माल आसाच्या मागे जास्त गेला की गाडी उलाळते, म्हणजे जू बैलांच्या खांद्यावरून वर उचलले जाते. माल फार पुढे घेतला की तोच भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान म्हणून जुवावर थोडा, बेताचा भार राहील अशा रीतीने गाडी भरतो. ट्रॅव्हल ट्रेलरची चाकेही बैलगाडीप्रमाणे मधल्या भागात असतात आणि दांडी पुढे टेकलेली असते. फरक एवढाच की बैल ताशी चार किलोमीटर चालतो आणि ट्रक ताशी शंभर. त्यामुळे उलाळ भरलेल्या ट्रेलरचे दुखणे वर-खाली दिसण्याऐवजी डावी-उजवीकडे दिसते.

शेजारून एखादा मोठा मालट्रक वेगाने पुढे गेला किंवा वाऱ्याचा झोत आला, की ट्रेलर गोळ्याभोवती किंचित वळतो. त्याचे टायर त्याला परत सरळ आणतात, तो जरासा पलीकडे जातो, पुन्हा परततो. कमी वेगात हे हेलकावे दोन-तीन आवर्तनांत विरतात. वेग वाढत जातो तसतसे त्यांना शमवणारे बल अपुरे पडू लागते आणि एका विशिष्ट वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. भार आसाच्या पुढे असेल तर हा धोक्याचा वेग वर सरकतो. मागे असेल तर तो महामार्गाच्या नेहमीच्या वेगाच्या आत येऊन बसतो. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकली टांगण्याची सवय म्हणूनच दुहेरी वाईट आहे: दांडीवरचा भार घटतो, आणि वजन अगदी टोकाला गेल्यामुळे एकदा सुरू झालेला हेलकावा थांबवणेही कठीण होते. अशा वेळी ट्रकचा ब्रेक जोरात दाबणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे घातक ठरते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे असतात.

आता हे ३५० किलो ट्रकवर कसे बसतात ते पाहू, कारण सुधारणांच्या नावाखाली होणारा बहुतेक चुकीचा खर्च इथेच होतो. गोळा मागच्या ॲक्सलच्याही मागे सुमारे दीड मीटरवर असतो आणि दोन ॲक्सलमधले अंतर साधारण ३.७ मीटर असते. मागचा ॲक्सल हा टेकू धरला तर ट्रक म्हणजे एक तरफ होते. गोळ्यावर ३५० किलो टेकले की पुढच्या चाकांवरचा सुमारे १४० किलो भार उचलला जातो, आणि मागच्या चाकांवर ३५० नव्हे तर ४९० किलो वाढतात. पुढची चाके हलकी झाली म्हणजे दिशा देणारी चाकेच रस्त्याला कमी धरतात. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळेच.

मागची बाजू बसलेली पाहून मालक पहिल्यांदा जी वस्तू विकत घेतो ती म्हणजे मागच्या कमानपाट्यांच्या जोडीला बसवायच्या हवेच्या रबरी पिशव्या. हवा भरली की ट्रक सरळ दिसू लागतो, आणि दिसणे हाच त्यांचा मुख्य गुण आहे. पिशवी मागच्या ॲक्सलवरच उभी असल्यामुळे ती ट्रकची मागची बाजू उचलते, पण तरफेचा हिशेब जसाच्या तसा राहतो: पुढची चाके १४० किलोंनी हलकी ती हलकीच. शिवाय ॲक्सल, बेअरिंगे, चाके, ब्रेक आणि चासी पूर्वीचीच असतात, म्हणून अशा पिशव्या बसवल्याने दारावरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही.

उपयोगाची सुधारणा आहे ती भार वाटून देणारी हिच. तिच्यात गोळ्याखालून दोन पोलादी दांड्या निघून ट्रेलरच्या चौकटीखाली मागे जातात आणि साखळीने किंवा कंसाने वर ताणून अडकवल्या जातात. चाकगाडीची मूठ वर उचलावी तशा त्या जोडाला खालून पीळ देतात, आणि त्या पिळामुळे ट्रकची पुढची चाके व ट्रेलरची चाके दोन्ही खाली दाबली जातात. आपल्या उदाहरणात दांड्या पुरेशा ताणल्या तर पुढच्या चाकांना हरवलेल्या १४० पैकी ७० किलो परत मिळतात, ४० किलो ट्रेलरच्या चाकांवर जातात, आणि मागच्या ॲक्सलवरचा वाढीव भार ४९० वरून ३८० वर येतो. किती भार परत आणायचा हे ट्रकच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते तपासायला साधी मोजपट्टी पुरते: पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची ट्रेलर न जोडता, जोडून, आणि दांड्या ताणून, अशी तीनदा मोजायची. अनेक हाफ टन ट्रकांच्या हिच-नळीवर, म्हणजे हिच ज्या नळीत बसते तिच्यावर, दोन वेगळे आकडे छापलेले असतात, आणि अशी हिच नसेल तर दांडीवरचा भार बहुधा २२५ किलोंच्या आसपासच ठेवावा लागतो.

टायर हा त्यानंतरचा मुद्दा. बरेच हाफ टन ट्रक कारखान्यातून मोटारीच्या जातीचे मऊ टायर लेवून येतात. त्यांच्या बाजू लवचिक असल्याने ट्रेलरच्या प्रत्येक धक्क्याला ट्रकची मागची बाजू आडवी लचकते. मालवाहू जातीचे कडक टायर घातले आणि त्यांत योग्य तेवढी जास्त हवा भरली, की ही लचक लगेच कमी जाणवते. बदल्यात रिकाम्या ट्रकात कंबर शेकून निघते. मात्र त्याच भरात रुबाबासाठी मोठ्या व्यासाचे टायर घेऊ नयेत. व्यास दहा टक्के वाढला की ३.५५ गुणोत्तराचा ॲक्सल (चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचे ३.५५ फेरे) ३.२३ चा असल्यासारखा वागतो, म्हणजे ओढण्याची ताकद आपणच पैसे देऊन घटवलेली असते. याउलट क्राउन-पिनियन, म्हणजे हे गुणोत्तर ठरवणारी ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, बदलून ३.२१ चे ३.९२ केले तर चाकांवरचा पीळ बावीस टक्क्यांनी वाढतो. पण ते काम खर्चिक आहे, आणि आठ-दहा गिअरच्या नव्या ट्रकांना त्याची गरज क्वचितच पडते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. पावणेतीन टनांच्या ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, आणि त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक चाकाच्या ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक असतो. प्रवाह सोडला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून त्याच्याबरोबर ओढला जातो आणि ओढला जाताना एक तरफ फिरवतो. ती तरफ ब्रेक शू बाहेर ढकलते. प्रवाह किती सोडायचा हे ट्रकमधला नियंत्रक ठरवतो. स्वस्त नियंत्रक केवळ वेळ मोजून प्रवाह वाढवत नेतो, तर चांगला नियंत्रक ट्रक प्रत्यक्ष किती जोरात मंदावतो आहे ते ओळखून त्याच प्रमाणात ट्रेलरला थांबवतो. या दोहोंच्या किमतीतला फरक वाचवण्याजोगा नाही.

राहिला चढ. ट्रक आणि ट्रेलर मिळून ५,३३० किलो झाले आणि सात टक्के चढावर ताशी ७० किलोमीटर वेग राखायचा असेल, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ७० किलोवॉट, म्हणजे ९५ अश्वशक्ती, सतत लागते. हवेचा विरोध त्यावर वेगळा. ही शक्ती देताना इंजिन जेवढे काम करते त्याहून अधिक उष्णता बाहेर टाकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर तेलामार्फत शक्ती पोचवतो, आणि तो घसरत राहिला की ते तेल तापते. जुन्या ट्रकला रेडिएटरसमोर तेल थंड करणारी जास्तीची जाळी बसवणे ही म्हणूनच स्वस्तात होणारी उत्तम सुधारणा आहे. कारखान्यातून आलेल्या ‘टोइंग पॅकेज’मध्ये ती सहसा आधीच असते. उतारावर तीच ७० किलोवॉट उलट दिशेने येते, आणि ती ब्रेकवर न घालता खालच्या गिअरमधून इंजिनवर घालणे हेच ट्रेलर ओढताना दाबायच्या टो-हॉल बटणाचे मुख्य काम आहे.

ओढण्याची क्षमता ठरवताना नेमका हाच कस लावला जातो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जे२८०७ या मानकानुसार ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, पायथ्याशी ३८ अंश सेल्सिअसची उष्णता आणि पूर्ण जोरात चालू ठेवलेला एसी, अशा स्थितीत वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. चाचणी कठोर आहे यात शंका नाही. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी ६८ किलोंचे, एवढीच माणसे धरलेली असतात. मुले, सायकली आणि लाकूड त्यात नाहीत. जाहिरातीतला आकडा आणि दारावरचे लेबल यांच्यातली दरी मुख्यतः इथून येते.

हे सगळे कागदावरचे झाले. खरे काय ते महामार्गावरच्या ट्रक-थांब्यांतल्या वजनकाट्यावर काही डॉलरांत कळते. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांच्यासाठी वेगवेगळे पाट असतात, त्यामुळे एकाच पावतीवर तिन्ही वजने मिळतात. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाने तीन फेऱ्या मारल्या तर चित्र असे दिसेल. एकट्या ट्रकचे, माणसे आणि हिच धरून, पुढे १,५०० आणि मागे १,१३० किलो. ट्रेलर जोडून, दांड्या सैल ठेवून, १,३६०, १,६२० आणि ट्रेलरचे २,३५०. दांड्या ताणल्यावर १,४३०, १,५१० आणि २,३९०. रिकामा ट्रक २,३४० किलोंचा आणि लेबलची मर्यादा ७०० किलोंची, म्हणजे ट्रकवर एकूण ३,०४० किलो चालतील. तिसऱ्या पावतीप्रमाणे २,९४० झाले आहेत. शंभर किलो उरले: आधीच्या हिशेबातले ६०, आणि दांड्यांनी ट्रेलरच्या चाकांवर सरकवलेले ४०. सायकलींचे ६०, जनरेटरचे २५ आणि लाकडाचे ३० धरले तर पंधरा किलो जास्त होतात, तेव्हा लाकूड घरीच ठेवावे. तसेही झाडे पोखरणारे किडे पसरू नयेत म्हणून अमेरिकेत अनेक ठिकाणी दूरवरून लाकूड आणायला मनाई असते आणि ते मुक्कामाच्या जागीच विकत मिळते.