पार्श्वभूमी : नातवंडांनी घडवलेली आजी

फुलाफुलांच्या चिटाचे पडदे, झालर लावलेल्या उशा, उरलेल्या लोकरीच्या चौकड्या जोडून केलेली पांघरुणे, काचेच्या कपाटात मांडलेली निळी-पांढरी चिनी मातीची भांडी आणि फावल्या वेळेला विणकाम किंवा टेबलावर पसरलेले जिगसॉ कोडे, असा सगळा सरंजाम तिशीच्या आसपासच्या लोकांच्या घरांत पुन्हा दिसू लागला, तेव्हा त्याला एखादे नाव मिळणे अपरिहार्यच होते. ‘हाउस ब्यूटिफुल’ या अमेरिकी मासिकात एमा बॅझिलियन यांनी २०१९ मध्ये ते दिले : ‘ग्रँडमिलेनियल’, म्हणजे वयाने मिलेनियल (साधारण १९८०-९० च्या दशकांत जन्मलेल्या) पिढीतला, पण आवडीनिवडींनी आजीच्या पंगतीत बसणारा माणूस. पुढच्याच वर्षी समाजमाध्यमांवर ‘कॉटेजकोर’चा, म्हणजे खेड्यातल्या साध्या घरगुती जगण्याच्या शैलीचा, बोलबाला झाला आणि २०२२ मध्ये टिकटॉकवरून ‘कोस्टल ग्रँडमदर’, म्हणजे समुद्रकाठच्या आजीची शैली, अवतरली. ही नावे ताजी असली, तरी आजीच्या घराकडे वळून पाहण्याची रीत निदान दीडशे वर्षे जुनी आहे. आणि ज्या वस्तू आज आजीच्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांतल्या बहुतेक आपापल्या काळात अगदी नव्या, काही तर बंडखोर मानल्या जात होत्या.

चिटाचेच, म्हणजे छापील सुती कापडाचेच, उदाहरण घेतले तर हे लख्ख दिसते. सुती धाग्याला पक्का रंग धरवणे अवघड असते. तुरटी आणि लोहक्षारांचा थर आधी देऊन त्यावर वनस्पतींच्या मुळांपासून काढलेला तांबडा रंग चढवणे, निळा नको असलेला भाग मेणाने झाकून कापड निळीत बुडवणे आणि शेवटी खळ देऊन, घोटून तकाकी आणणे ही विद्या भारतातील, विशेषतः कोरोमंडल किनाऱ्यावरील कारागिरांनी पिढ्यानपिढ्या परिपूर्ण केली होती. सतराव्या शतकात डच, इंग्रज आणि फ्रेंच व्यापारी कंपन्यांनी हे कापड युरोपात नेले, तेव्हा धुतले तरी न उतरणारे इतके उजळ रंग तेथील गिऱ्हाइकांना अपूर्वाईचे वाटले. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर मात्र पाय आला. फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने आधी १७०१ पासून आशियातून येणाऱ्या छापील सुती कापडाचा वापर रोखला आणि १७२२ च्या अखेरीस लागू झालेल्या दुसऱ्या कायद्याने देशात छापलेल्या बहुतेक सुती कापडांनाही तोच नियम लावला. १७१९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या रस्त्यांवर चिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांवर विणकरांच्या जमावांनी हल्ले केले, त्यांचे कपडे फाडले, त्यांवर शाई फेकली. आज ज्या नक्षीकडे पाहून कुणालाही निवांत दुपार आठवते, ती अंगावर घालून बाहेर पडणे त्या वर्षी धाडसाचे होते.

बंदीने मागणी संपली नाही. चोरटी आयात चालू राहिली आणि युरोपीय छपाईकार नक्कल करायला शिकले. भारतातील जेझुइट धर्मगुरू केर्दू यांनी १७४२ मध्ये पत्र लिहून रंगाईची कृती टप्प्याटप्प्याने कळवली होती, यावरून या विद्येबद्दलची उत्सुकता किती होती ते कळते. फ्रान्समधील बंदी उठल्यावर १७६० मध्ये ओबरकाम्फ यांनी जुई-आं-जोझा येथे कारखाना काढला. पुढे तेथील एकरंगी, गावाकडच्या देखाव्यांचे कापड ‘ट्वाल द जुई’ म्हणून प्रसिद्ध झाले. इंग्लंडनेही १७७४ मध्ये आपला कायदा मागे घेतला, कारण तोवर तेथील सूतगिरण्यांनाच छपाईचे कापड हवे होते. १७८३ मध्ये टॉमस बेल यांनी तांब्याच्या रुळांनी छापण्याचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चीट इतकी स्वस्त झाली, की श्रीमंतांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि ती मध्यमवर्गाच्या बैठकीत कायमची मुक्कामाला आली. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा प्रवासही असाच झाला. चीनमधून येणारे महाग पोर्सेलिन, त्याची नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील मातीची नक्कल आणि मग कारखान्यात छापलेली स्वस्त ताटे, असे तीन टप्पे ओलांडून ती आजीच्या कपाटात पोहोचली.

आजीचे घर मुद्दाम मांडून दाखवण्याची पद्धतही त्याच शतकातली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात सैनिकांच्या शुश्रूषेसाठी निधी जमवायला जे मेळे भरत, त्यांपैकी १८६४ च्या ब्रुकलिनमधील मेळ्यात ‘न्यू इंग्लंड किचन’ उभारले होते : मोठी चूल, सूत कातायचा चरखा, जुन्या धाटणीच्या पोशाखातील स्त्रिया आणि पैसे देऊन जेवायला आलेली गर्दी. १८७६ मध्ये देशाच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फियात भरलेल्या प्रदर्शनात हीच कल्पना लाकडी ओंडक्यांच्या घरात साकारली आणि तिच्याशेजारी तुलनेसाठी आधुनिक स्वयंपाकघरही ठेवले. यंत्रांचे कौतुक करायला आलेल्या प्रेक्षकांना चरखाही तितकाच आवडला. त्यानंतर अमेरिकेत वसाहतकालीन फर्निचर आणि सजावटीची जी लाट आली, तिला या प्रदर्शनाने बळ दिले असे इतिहासकार मानतात. पहिले ‘आजीचे स्वयंपाकघर’ युद्ध ऐन भरात असताना उभे राहिले, हे मला योगायोगाचे वाटत नाही. ही आवड उफाळण्याच्या वेळा पाहिल्या, तर बहुतेकदा आसपास काहीतरी मोडत किंवा फार वेगाने बदलत असलेले दिसते.

इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस यांनी १८६१ मध्ये आपली सजावटीची कंपनी काढली आणि यंत्राच्या मालाविरुद्ध हातकामाची बाजू घेतली, हे सर्वश्रुत आहे. पण चिटाच्या दृष्टीने अधिक मजेदार कथा एल्सी डी वुल्फ यांची आहे. न्यू यॉर्कमधील स्त्रियांच्या कॉलनी क्लबची अंतर्गत सजावट त्यांनी केली आणि तो १९०७ मध्ये उघडला, तेव्हा जड मखमल, काळसर लाकूड आणि कोंदट पडदे बाद करून त्यांनी तेथे चीट वापरली. त्यांच्या हातात चीट हे आधुनिकतेचे, उजेडाचे आणि हवेचे साधन होते. जुनाट होती ती त्यांच्या आईच्या पिढीची मखमल. आईची आवड नाकारायची आणि तिच्याही मागे जाऊन काहीतरी उचलायचे, ही या परंपरेची खरी चाल आहे. आजीची वस्तू हाती घेणे बंडासारखे वाटू शकते, कारण ती वस्तू आईने आधीच टाकून दिलेली असते.

त्याच दशकाच्या अखेरीस व्हिएन्नातील वास्तुकार आडोल्फ लोस यांनी अलंकरण म्हणजे गुन्हा अशा आशयाचे व्याख्यान दिले. १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस हे आधुनिक डिझाइनचे विद्यालय सुरू झाले आणि फुले, झालरी, विणलेले रुमाल हे मागासलेपणाचे लक्षण ठरू लागले. ही भूमिका घेणारे बव्हंशी पुरुष होते आणि ज्यावर टीका होत होती ते काम बव्हंशी स्त्रियांचे होते, याकडे पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी लक्ष वेधले. गंमत म्हणजे १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकी गोधड्या भिंतीवर टांगून त्यांचे प्रदर्शन भरवले, आणि आधुनिक अमूर्त चित्रकलेशी त्यांचे किती साम्य आहे याची चर्चा झाली. गोधड्या होत्या तशाच होत्या. पलंगावरून भिंतीवर गेल्यामुळे त्यांची प्रतिष्ठा वाढली.

इंग्लंडमध्ये याच सुमाराला लॉरा अॅशली यांचा उद्योग बहरत होता. १९५२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अॅल्बर्ट संग्रहालयात विमेन्स इन्स्टिट्यूट या स्त्रियांच्या संघटनेने भरवलेले पारंपरिक हस्तकलांचे प्रदर्शन पाहून त्यांना ठिगळजोडीच्या गोधड्या करायची इच्छा झाली, त्यासाठी हवे तसे बारीक नक्षीचे कापड बाजारात मिळेना, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी पतीच्या मदतीने लंडनच्या घरातील स्वयंपाकाच्या टेबलावरच छपाई सुरू केली. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत त्यांची फुलांची नक्षी कपड्यांपासून भिंतीच्या कागदापर्यंत सर्वत्र पोहोचली. धनिकांच्या घरांत कोलफॅक्स अँड फाउलर ही संस्था ग्रामीण हवेलीची ऐट पुरवत होती आणि अमेरिकेत मारिओ बुआटा या सजावटकारांना ‘चिटाचा राजपुत्र’ म्हणत होते. मग अपेक्षेप्रमाणे उलटी लाट आली. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये जाहिरात केली, जिचा आशय होता : तुमची चीट फेकून द्या. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत फुलांचे पडदे भिरकावणाऱ्या त्या जाहिरातीतील स्त्रिया म्हणजे आजच्या ग्रँडमिलेनियलांच्या आया. पुढच्या दोन दशकांत पांढऱ्या भिंती, करडे सोफे आणि फिकट लाकूड हीच सर्वमान्य रुची झाली आणि महोगनी, अक्रोड अशा गडद लाकडाच्या जुन्या फर्निचरचे लिलावातील भाव कोसळले. आजीच्या शैलीच्या पुनरागमनाविषयी लिहिताना हा आर्थिक भाग बहुधा सुटतो. तरुणांना शंभर वर्षांचे कपाट परवडले, कारण ते कुणालाच नको होते.

विरंगुळ्याच्या बाजूनेही हेच घडले. क्रोशाकाम आज फावल्या वेळेचे प्रतीक आहे, पण १८४० च्या दशकातील आयर्लंडच्या दुष्काळात ते जगण्याचे साधन होते. ख्रिस्ती जोगिणींनी आणि धर्मादाय मंडळींनी मुलींना व स्त्रियांना नाजूक जाळीकाम शिकवले आणि ते युरोपातील श्रीमंतांना विकून कुटुंबे तगली. उरलेल्या लोकरीतून विणायच्या ज्या चौकडीला इंग्रजीत ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात, तिची छापील कृती १८८५ मध्ये ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या अमेरिकी नियतकालिकात आढळते. तेथेही मूळ प्रेरणा काटकसरीची आहे. जिगसॉ कोडे तर शाळेसाठी जन्मले. लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात लाकडावर चिकटवलेले नकाशे सीमारेषांवर कापून मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. पुठ्ठ्यावर साच्याने कापलेली स्वस्त कोडी निघाल्यावर महामंदीच्या काळात, १९३२-३३ मध्ये, अमेरिकेत त्यांचे वेड पसरले, कारण नोकरी गेलेल्या माणसाला अनेक संध्याकाळी पुरणारी एवढी स्वस्त करमणूक दुसरी नव्हती. पत्त्यांतला कनास्टा, जो वृद्धांच्या क्लबातला खेळ समजला जातो, तो १९३९ मध्ये उरुग्वेतील माँटेव्हिडिओत जन्मला आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ताजी फॅशन होता.

या इतिहासात एक बाजू आहे, जी नव्या छायाचित्रांत उतरत नाही. विणणे, ठिगळ लावणे, रफू करणे हे ज्या स्त्रियांनी आयुष्यभर केले, त्यांपैकी अनेकींना त्यातून सुट्टी हवी होती. तयार कपडे आणि यंत्रावर विणलेले स्वेटर आल्यावर त्यांनी सुया आनंदाने बाजूला ठेवल्या. हेच काम सक्तीचे न राहता निवडीचे झाले, तेव्हाच त्याचा छंद बनू शकला. २००० नंतरच्या पहिल्या दशकात तरुण स्त्रियांची विणकाम मंडळे जमू लागली. हस्तकलेच्या विक्रीसाठी एट्सी २००५ मध्ये आणि विणकाम करणाऱ्यांसाठी रॅव्हलरी २००७ मध्ये, ही संकेतस्थळे सुरू झाली. म्हणजे ‘ग्रँडमिलेनियल’ हे नाव येण्याआधी दीड दशक तयारी चालली होती.

२०२० च्या टाळेबंदीने तिला वेग दिला. घरात कोंडलेल्या लोकांनी जिगसॉ कोडी इतकी मागवली की दुकाने रिकामी झाली. गायक हॅरी स्टाइल्स यांनी घातलेला रंगीत ठिगळांचा स्वेटर हजारो जणांनी घरी विणायला घेतला, तेव्हा जेडब्ल्यू अँडरसन या मूळ निर्मात्यांनी त्याची कृतीच प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश सूरपटू टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणताना जगाने पाहिले, आणि हा केवळ स्त्रियांचा, केवळ वयस्करांचा छंद आहे हा समज आणखी सैल झाला. पण याच २०२० च्या मार्चमध्ये, फुलांची नक्षी पुन्हा चलतीत येत असताना, लॉरा अॅशली कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. नव्या गिऱ्हाइकाला ती नक्षी हवी होती, मात्र शक्यतो जुन्या बाजारातून किंवा स्वतःच्या हाताने केलेली.

१९९६ च्या जाहिरातीत चीट फेकणाऱ्या तिशीतल्या स्त्रिया आता साठीच्या आसपास आहेत. त्यांची नातवंडे आजीचे घर म्हणून जे आठवतील, त्यात फिकट लाकूड आणि स्वतः जोडायचे फर्निचर असेल. आयकियाच्या जुन्या, उत्पादन थांबलेल्या काही वस्तू संग्राहकांच्या लिलावांत मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने आजच विकल्या जात आहेत.