व्हायरस काढला, म्हणजे धोका संपला?

"अँटीव्हायरसने व्हायरस काढला किंवा कॉम्प्युटर फॉरमॅट केला, की सगळं पूर्ववत होतं," असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण खरा नाही.

२०१८च्या सुमारास पसरू लागलेलं 'स्टॉप' उर्फ 'डीजेव्हीयू' रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, बघा. 'क्रॅक' (परवाना तोडलेलं, चोरीचं) सॉफ्टवेअर फुकट देणाऱ्या बनावट साइटवरून ते येतं. फोटोंच्या नावांपुढे भलतीच अक्षरं चिकटतात आणि फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी पडते. अँटीव्हायरस तो व्हायरस पुसतो, पण फाइल कुलूपबंदच राहते. पडताळायचं असेल तर एका फाइलची कॉपी करून ती अक्षरं खोडा. फोटो उघडणार नाही, कारण आतला मजकूरच बदललेला असतो.

म्हणून कृपया फॉरमॅटची घाई करू नका. आधी कुलूपबंद फाइल्स वेगळ्या डिस्कवर घ्या. यातल्या काही प्रकारांच्या किल्ल्या नंतर मिळाल्या आणि फाइल्स मोफत साधनांनी सुटल्या.

पासवर्डचं दुखणं आणखी गंभीर. याच रॅन्समवेअरसोबत अनेकदा पासवर्डचोरही येतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज (आपलं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) तो लगेच बाहेर पाठवतो. चालू लॉगिनची कुकी हाती लागली, तर ओटीपीशिवायही खातं उघडू शकतं. तेव्हा दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. ईमेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये लॉगिन असलेल्या डिव्हाइसची यादी असते. तिथे अनोळखी डिव्हाइस, बदललेला रिकव्हरी नंबर किंवा आपण न लावलेलं फॉरवर्डिंग (आपले मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) दिसतंय का, तेही बघा.