बँकॉकमधला फ्लॅट परदेशी माणसाच्या नावावर होतो

‘थायलंडमध्ये परदेशी माणसाला घर घेता येत नाही, एखाद्या थाई माणसाच्या नावावर घ्या,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. अडचण आहे ती जमिनीची; ती सहसा परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कॉन्डोमिनियममधला, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची मालकी वेगळी असते अशा इमारतीतला फ्लॅट परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर घेता येतो; मात्र इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळात परदेशी मालकी 49 टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणून इसार देण्याआधीच इमारतीच्या व्यवस्थापनाकडून या परदेशी मालकीचा कोटा शिल्लक असल्याचं पत्र मागा. पैसे बाहेरून, परदेशी चलनात पाठवा आणि थाई बँकेचा तसा दाखला जपून ठेवा. नोंदणीच्या वेळी भूमी कार्यालय तो बघतं. दुसऱ्याच्या नावावर घेतलात, तर कागदोपत्री मालक तोच. आणि हो, फ्लॅट घेतला म्हणून तिथे राहायचा परवाना आपोआप मिळत नाही.