खेळाडूला लगेच, मालकाला तेहतीस वर्षांनी: एनबीएच्या नीतिनियमांची पार्श्वभूमी

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, एखादा खेळाडू भलत्याच कारणासाठी बातमीत आला, की चर्चा दोन दिवसांत ठरलेल्या जागी येऊन थांबते. एवढा पैसा, एवढी प्रसिद्धी आणि वागणं हे असं? मुलांनी कोणाकडे पाहायचं? प्रश्न मनापासून विचारलेला असतो. पण खेळाडूने कसं वागावं हे कोण ठरवतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

एनबीएच्या प्रत्येक खेळाडूच्या करारात एक कलम असतं. मैदानावर आणि मैदानाबाहेर प्रामाणिकपणाने, चांगल्या नागरिकाला शोभेल असं आणि खिलाडूवृत्तीने वागेन, अशी हमी त्यात खेळाडू देतो. लीगच्या हिताला बाध येईल असं काही घडलं तर शिक्षा करण्याचा अधिकार कमिशनरला, म्हणजे लीगच्या प्रमुखाला, असतो. हितबाधा कशाला म्हणायचं, हे बहुतेक वेळा त्या एकाच माणसाने ठरवलं आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत हा अधिकार खेळाडूंवर झटपट चालला, मालकांवर फार उशिरा, आणि बायकांवरच्या अत्याचाराची गोष्ट आली तेव्हा सगळ्यांत उशिरा.

सुरुवात सट्ट्यापासून झाली. 1946 मध्ये ही लीग उभी राहिली तेव्हा अमेरिकेत खरी गर्दी कॉलेजच्या सामन्यांना व्हायची. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने 1950 मध्ये देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. वर्षभराच्या आत त्याच संघातली पोरं पोलिसांच्या गाडीत होती. सट्टेबाजांची मागणी सामना हरण्याची नव्हती. जिंका, पण अंदाजापेक्षा कमी फरकाने जिंका, एवढंच त्यांचं म्हणणं असे. मॅनहॅटनचे सरकारी वकील फ्रँक होगन यांनी तपास केला आणि सात कॉलेजांतले 32 खेळाडू व 86 सामने उजेडात आले. केंटकीचे अ‍ॅलेक्स ग्रोझा आणि राल्फ बियर्ड 1948 च्या ऑलिंपिकमधले सुवर्णपदक विजेते. ते तोवर एनबीएत खेळू लागले होते. लीगचे प्रमुख मॉरिस पोडोलॉफ यांनी दोघांना कायमचं बाहेर काढलं.

शिक्षा कडक होती, पण गुन्हा खरा होता. कॉनी हॉकिन्सच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही. ब्रुकलिनचा हा गरीब घरातला मुलगा 1961 मध्ये आयोवा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. स्वतःच्याच संघावर पैसे लावल्याबद्दल 1954 मध्ये लीगने हाकललेला जॅक मोलिनास तेव्हा कॉलेजचे सामने फिरवत होता. त्या चौकशीत हॉकिन्सचं नाव आलं. त्याच्यावर ना आरोप ठेवला गेला, ना त्याला अटक झाली. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे, म्हणजे सामना फिरवायला त्याच्या हातात सामनाच नव्हता. तरी विद्यापीठाने त्याला घालवलं आणि एनबीएने दार बंद ठेवलं. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगावचे खेळ, मग प्रतिस्पर्धी लीग एबीए, असं करत उमेदीची वर्षं गेली. शेवटी त्याने एनबीएवर दावा लावला. 1969 मध्ये लीगने दहा लाख डॉलरहून मोठी तडजोड केली आणि फिनिक्सकडून तो एनबीएत उतरला, वयाच्या 27 व्या वर्षी. 1992 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं. गेलेली आठ वर्षं कोणी परत दिली नाहीत, आणि केवळ संशयावर माणूस उभा जाळल्याबद्दल कोणाला जाबही विचारला गेला नाही. तेच सट्टेबाजीचं जग 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर लीगचं अधिकृत भागीदार झालं. 2024 मध्ये जाँटे पोर्टर या खेळाडूला सट्ट्यापायी आजन्म बंदी झाली तेव्हा सट्टा घेणाऱ्या कंपन्या लीगशी करार करून उघडपणे धंदा करत होत्या. पोर्टरने गुन्हा केला होता आणि न्यायालयात तो कबूलही केला. तरी कमकुवत माणसापुढे हा मोह कोणी आणून ठेवला, हा प्रश्न उरतोच.

सत्तरच्या दशकात चित्र पालटलं. लीगमधले बहुसंख्य खेळाडू आता कृष्णवर्णीय होते, तर तिकीट काढणारे आणि जाहिराती देणारे बहुतेक गोरे. 9 डिसेंबर 1977 ला लॉस एंजेलिसमध्ये मारामारी सुरू असताना केर्मिट वॉशिंग्टनने धावत आलेल्या रुडी टोमजानोविचला एकच ठोसा मारला आणि त्याचा चेहरा अक्षरशः मोडला. एक कृष्णवर्णीय, एक गोरा. ती चित्रफीत टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. त्यात कोकेनच्या बातम्यांची भर पडली. 1980 च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामना, ज्यात विशीतल्या मॅजिक जॉन्सनने 42 गुण केले, तो अमेरिकेच्या बहुतेक भागांत रात्री उशिरा, रेकॉर्ड करून दाखवला गेला. थेट दाखवण्याइतकी त्याची किंमत चॅनलला वाटली नव्हती.

डेव्हिड स्टर्न 1984 मध्ये कमिशनर झाले आणि 30 वर्षं राहिले, ती ही पत सावरायला. त्याआधीच 1983 मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांनी अमली पदार्थांविरोधात करार केला होता. तिसऱ्यांदा सापडलं की बाहेर, आणि मदत मागायला स्वतःहून आलेल्याला उपचार. माझ्या मते हा त्या काळातला शहाणा नियम होता. 1986 च्या फेब्रुवारीत मायकेल रे रिचर्डसनवर तो चालला.

चारच महिन्यांनी लेन बायस गेला. मेरीलँड विद्यापीठाच्या या 22 वर्षांच्या मुलाला बोस्टन सेल्टिक्सने 17 जूनला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि 19 जूनला सकाळी कोकेनमुळे त्याचं हृदय बंद पडलं. राजधानी वॉशिंग्टनच्या अगदी शेजारचं विद्यापीठ, निवडणुकीचं वर्ष. काही महिन्यांतच संसदेने नवा अमली पदार्थविरोधी कायदा केला. क्रॅक, म्हणजे कोकेनचे ओढायचे खडे, पाच ग्रॅम विकताना सापडलं की किमान पाच वर्षं तुरुंग. भुकटीच्या रूपातल्या कोकेनला तेवढीच शिक्षा व्हायला 500 ग्रॅम लागत. बायसच्या शरीरात भुकटीचं कोकेन होतं, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. क्रॅक गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत विकलं जायचं, त्यामुळे तुरुंगात कोण गेलं ते सांगायला नको. 2010 मध्ये हे शंभरास एक प्रमाण अठरास एकवर आलं. एका खेळाडूच्या मृत्यूवरच्या हळहळीतून निघालेल्या त्या कायद्याने हजारो घरं उद्ध्वस्त केली.

1991 च्या नोव्हेंबरात मॅजिक जॉन्सनने एचआयव्हीची बाधा झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा लीगने त्याला दूर लोटलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत तो ऑल-स्टार सामना खेळला. पण सोबत खेळायला काही जण बिचकतात हे उघड झाल्यावर त्याने त्या वर्षीचं पुनरागमन सोडून दिलं.

महमूद अब्दुल-रऊफची गोष्ट आज फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे थांबतो. डेन्व्हरचा हा शांत स्वभावाचा, अचूक बास्केट साधणारा खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहत नसे. तो ध्वज अनेकांना जुलमाचं प्रतीक वाटतो, आणि श्रद्धेने मुसलमान असल्यामुळे आपल्याला ते जमत नाही, असं त्याने सांगितलं. 12 मार्च 1996 ला लीगने त्याला निलंबित केलं. एका सामन्यानंतर तोडगा निघाला. तो उभा राहील, मान खाली घालून प्रार्थना करील. त्या उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं, आणि दोन मोसमांत तो लीगबाहेर गेला. 2020 च्या उन्हाळ्यात ऑरलँडोत जवळजवळ सगळ्या संघांनी वर्णद्वेषाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताला गुडघा टेकला. उभं राहण्याचा नियम तेव्हाही पुस्तकात होता. कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर यांनी तो लावला नाही, कारण आता प्रेक्षक आणि जाहिरातदार दुसऱ्या बाजूला होते.

नव्वदच्या अखेरीस नजर खेळाडूंच्या अंगाकडे वळली. अ‍ॅलन आयव्हरसनच्या वेण्या, ढगळ कपडे, गोंदण. लीगच्याच मासिकाने मुखपृष्ठावर त्याचा फोटो छापताना गोंदण पुसून टाकलं. स्वतःच्या सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एकाची कातडी त्यांना झाकावीशी वाटली.

मग आला 2003 ते 2005 चा काळ. जुलै 2003 मध्ये कोलोरॅडोतल्या एका हॉटेलात काम करणाऱ्या 19 वर्षांच्या तरुणीच्या तक्रारीवरून कोबे ब्रायंटवर बलात्काराचा गुन्हा दाखल झाला. जे घडलं ते संमतीने, असं त्याचं म्हणणं होतं. खटला चालू असताना तो सुनावणीला जाऊन त्याच दिवशी विमानाने परतून सामने खेळला, आणि त्याचं कौतुक झालं. तिचं नाव न्यायालयाच्या वेबसाइटवर चुकून झळकलं. तिला धमक्या आल्या. 1 सप्टेंबर 2004 ला, तिने साक्ष द्यायची तयारी नसल्याचं सांगितल्यावर, खटला काढून घेण्यात आला. त्याच दिवशी ब्रायंटने निवेदन काढून तिची माफी मागितली. आपल्याला ती संमती वाटली होती, पण तिला तसं वाटलं नव्हतं हे आता उमगतं, असं त्यात होतं. 2005 मध्ये दिवाणी दावा तडजोडीने मिटला. गुन्हा सिद्ध झाला नाही, हे इथे नोंदवलंच पाहिजे. लीगने एकाही सामन्याची शिक्षा केली नाही. पुराव्याअभावी थांबणं योग्यच म्हणता येईल, पण हॉकिन्सच्या वेळी हा विवेक कुठे होता?

खटला मिटून तीन महिनेही झाले नव्हते. 19 नोव्हेंबर 2004, मिशिगनमधलं ऑबर्न हिल्स. इंडियाना पेसर्स 15 गुणांनी पुढे, खेळ संपायला 45.9 सेकंद. पेसर्सच्या रॉन आर्टेस्टने डेट्रॉइटच्या बेन वॉलेसला मागून धक्का दिला, वॉलेसने त्याला ढकललं, खेळाडू एकमेकांना भिडले. आर्टेस्ट बाजूला जाऊन गुणलेखकांच्या टेबलावर चक्क आडवा झाला आणि समालोचकाचा हेडफोन कानाला लावून पडून राहिला. प्रकरण निवळत होतं. तेवढ्यात प्रेक्षकांतून पेयाचा कप येऊन त्याच्या छातीवर आदळला. तो उठला, खुर्च्यांवरून चढत गेला आणि भलत्याच माणसाला जाऊन धरलं. मागून इतर गेले.

आर्टेस्ट उरलेल्या मोसमाला मुकला, एकूण 86 सामने. नऊ खेळाडूंना मिळून 146 सामन्यांची बंदी आणि सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरच्या पगारावर पाणी. निर्णय एकमताने झाला का, असं विचारल्यावर स्टर्न म्हणाले, एकमताने, एक विरुद्ध शून्य. प्रेक्षकांत घुसणाऱ्या खेळाडूला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात शंका नाही. पण टीव्हीवरच्या चर्चेत कप फेकणारा मागे पडला आणि ‘गुंड’ हा शब्द फक्त खेळाडूंसाठी राहिला.

वर्षभराने, 17 ऑक्टोबर 2005 ला, लीगने पोशाखाचे नियम काढले. संघाच्या कामावर असताना टी-शर्ट, हाफ पँट, टोप्या चालणार नाहीत. आत गॉगल नको. कपड्यांवरून साखळ्या आणि पदकं नकोत. पेसर्सच्याच स्टीफन जॅक्सनने सरळ सांगितलं, साखळ्यांवरची बंदी कृष्णवर्णीय तरुणांना उद्देशून आहे. कपडे बदलल्याने माणूस बदलत नाही, असं आयव्हरसनचं म्हणणं होतं. मला दोघांचंही पटतं. त्या नियमांच्या यादीतली प्रत्येक गोष्ट हिप-हॉप ऐकत वाढलेल्या पोरांच्या अंगावरची होती.

आणि नेमक्या याच वर्षांत डोनाल्ड स्टर्लिंग पहिल्या रांगेत बसून सामने बघत होते. 1981 मध्ये 1 कोटी 25 लाख डॉलरला क्लिपर्स हा संघ घेतलेला हा लॉस एंजेलिसचा घरमालक. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो भाडेकरूंना घरं नाकारल्याबद्दल 2006 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यांच्यावर दावा लावला. 2009 मध्ये 27 लाख डॉलरहून अधिक भरून त्यांनी तो मिटवला. ही बातमी उघड छापून आली होती. लीगने त्यांना काही विचारलं नाही. साखळी घालून बाकावर बसणाऱ्या खेळाडूला दंड होता. कातडीच्या रंगावरून घर नाकारल्याचा दावा पैसे भरून मिटवणाऱ्या मालकाला नव्हता.

25 एप्रिल 2014 ला एक ध्वनिमुद्रण बाहेर आलं. आपल्या सामन्यांना कृष्णवर्णीय लोकांना आणू नकोस, असं स्टर्लिंग एका मैत्रिणीला बजावत होते, आणि विषय मॅजिक जॉन्सनसोबतच्या फोटोचा होता. दोन दिवसांनी ऑकलंडमध्ये क्लिपर्सच्या खेळाडूंनी सरावाचे जॅकेट मैदानाच्या मधोमध टाकले. आतले लाल शर्ट त्यांनी उलटे घातले होते, संघाचं नाव दिसू नये म्हणून. प्रायोजक निघून जाऊ लागले. प्ले-ऑफचे, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचे, सामनेच खेळायचे नाहीत, अशी बोलणी संघासंघांत सुरू झाली. 29 एप्रिलला सिल्व्हर यांनी स्टर्लिंगना आजन्म बंदी आणि 25 लाख डॉलर दंड जाहीर केला. त्याचं श्रेय सिल्व्हर यांना दिलं जातं, पण ते मधोमध पडलेल्या जॅकेटांना द्यायला हवं. संघ स्टीव्ह बॉल्मरने 2 अब्ज डॉलरला विकत घेतला.

पुढे 2022 मध्ये फिनिक्सचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांना वंशवादी शब्द आणि महिला कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन यासाठी एक वर्षाची बंदी आणि 1 कोटी डॉलर दंड झाला. तेवढ्यावर खेळाडू गप्प बसले नाहीत, प्रायोजकही नाहीत, आणि काही दिवसांत त्यांनी संघ विकायला काढला.

लीगचा पैसा आता जगभर पसरला आहे आणि त्याबरोबर हे प्रश्नही. भारतातला पहिला एनबीए सामना 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबईत वरळीच्या डोममध्ये झाला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे मालक असलेले सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध पेसर्स. त्याच सुमारास ह्यूस्टनचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने एक ट्वीट केलं, आणि चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीएचे सामने बंद केले. खेळाडूंना बोलायचं स्वातंत्र्य आहे, हे अभिमानाने सांगणाऱ्या लीगचं पहिलं निवेदन खेद व्यक्त करणारं होतं.

घरातल्या मारहाणीबाबत स्वतंत्र, सविस्तर धोरण यायला 2017 उजाडलं, म्हणजे पोशाखाच्या नियमांनंतर बारा वर्षं. 2023 च्या एप्रिलमध्ये शार्लटच्या माइल्स ब्रिजेसला या धोरणाखाली 30 सामन्यांची बंदी झाली. आपल्या मुलांच्या आईला मारहाण केल्याच्या गुन्ह्यात त्याने न्यायालयात बचाव केला नव्हता. त्यातले 20 सामने तो आधीच बाहेर बसला म्हणून वजा झाले. दोन महिन्यांनी मेम्फिसच्या जा मोरँटला मोबाइलवरच्या थेट चित्रणात पिस्तूल मिरवल्याबद्दल 25 सामन्यांची बंदी झाली. त्यात कोणाला इजा झाली नव्हती, आणि तशी चूक त्याच्याकडून दुसऱ्यांदा झाली होती. मोरँटने सगळे 25 सामने भोगले. ब्रिजेस नव्या मोसमाचे दहा सामने बसला आणि नोव्हेंबरात पुन्हा खेळू लागला.