गोडबोले, परशुराम बल्लाळ

गोडबोले, परशुराम बल्लाळ : (१७९९–१८७४). मराठी काव्यवेच्यांचे संकलक, वृत्तांवरील पाठ्यपुस्तकाचे कर्ते आणि संस्कृत नाटकांचे भाषांतरकार. ‘परशुरामतात्या’ या नावाने अधिक परिचित. जन्म वाईचा. १८२९ च्या ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ या पंडितांच्या कोशकार्यात ते होते. पुढे पुण्यात इंग्रज कोशकार मेजर कँडी यांच्याबरोबर भाषांतराचे व शालेय पुस्तकांचे काम त्यांनी केले.

विद्यार्थ्यांसाठी निवडलेल्या प्राचीन मराठी कवितांचा त्यांचा संग्रह ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाला. तोवर ही कविता पोथ्यांतून आणि कीर्तनकारांच्या तोंडून पोचत असे. तिला शाळेच्या बाकावर आणण्याचे मोठे श्रेय तात्यांचेच. ‘वृत्तदर्पण’ हे त्यांचे पुस्तकही विद्यार्थ्यांसाठीच होते. ‘वेणीसंहार’, ‘उत्तररामचरित’, ‘शाकुंतल’, ‘मृच्छकटिक’ यांची त्यांची भाषांतरे बहुतांशी १८५७ नंतरच्या काही वर्षांतली, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत ‘शाकुंतला’च्या बरीच आधीची.

पाठांचा (कवितेच्या शब्दरूपांचा) प्रश्न : तात्यांनी जुन्या कवींचे शब्द बदलले, हा आक्षेप संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी हस्तलिखितांच्या आधारे मांडला. तात्यांचा कान वृत्तावर घडलेला होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. रघुनाथ पंडिताच्या दमयंतीस्वयंवरातील ‘कठिण समय येतां कोण कामास येतो’ ही मालिनी वृत्तातील ओळ घ्या. पंधरा अक्षरे, न न म य य हे गण (तीन-तीन अक्षरांचे गट), आठव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. पोथीत ‘कठिण’ऐवजी ‘कठीण’ पडले, की तिन्ही ऱ्हस्व अक्षरांचा पहिलाच न-गण मोडतो. लेखनिक ऱ्हस्वदीर्घाची फारशी पर्वा करीत नसत. अशी लंगडी ओळ सरळ करणे संपादकाला भागच असते. मात्र ती लेखनिकाने मोडली की कवीनेच सैल सोडली, हे एका पोथीवरून ठरत नाही. ओवीत तर गणांची कसोटीच नाही, आणि तेथे केवळ अर्थ सुलभ व्हावा किंवा भाषा नेटकी दिसावी म्हणून केलेल्या बदलाला वृत्ताचे कारण देता येत नाही. प्रियोळकरांचा आक्षेप येथे अधिक ग्राह्य वाटतो. बदल लबाडीने केले, असे मात्र म्हणवत नाही. वर्गात वाचता येईल असा स्वच्छ पाठ तात्यांना हवा होता आणि पाठभेद तळटीपेत देण्याची शिस्त मराठीत अजून रुजायची होती. ‘नवनीता’च्या पुढील आवृत्त्यांत इतरांनीही भर घातली, त्यामुळे एखादा बदल तात्यांचाच ठरवण्यापूर्वी आवृत्ती पाहावी लागते.