अस्वलाचे कातडे घरी कमावणे : नाशिकच्या संदर्भातील पार्श्वभूमी

अस्वलाचे कातडे घरच्या घरी कमावण्याच्या ज्या कृती सध्या मोबाइलवर फिरतात, त्या मुख्यतः अलास्का, कॅनडा अशा प्रदेशांतल्या आहेत, जिथे परवाना काढून अस्वलाची शिकार करता येते आणि कातडे शिकाऱ्याचेच राहते. नाशिकमध्ये हा प्रश्न निघतो तो बहुधा वाटणीच्या वेळी. जुन्या वाड्याच्या माळ्यावरील ट्रंकेत आजोबा-पणजोबांच्या काळातले केसाळ कातडे सापडते, त्याला दमट वास येत असतो, हात लावला की केसांचा पुंजका निघतो, आणि मीठ-तुरटी लावून ते पुन्हा नीट करता येईल का, अशी विचारणा सुरू होते.

जिल्ह्यातील गावोगावी कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाकडे होते. कातडे चुन्याच्या हौदात मुरवून केस सैल करायचे, ते खरवडून काढायचे आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते पक्के करायचे, अशी रीत होती. त्यातला एक टप्पा पाहण्यासारखा असे. कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगत, तिच्यात सालीचे पाणी भरत आणि झिरपून खालच्या भांड्यात जमलेले पाणी पुन्हा वर ओतत राहत. यातून तयार होणारे चामडे मोटेसाठी, जोड्यांसाठी, बैलांच्या साजासाठी लागे. विहिरींवर इंजिने आणि पंप आले तशी मोट गेली आणि त्या चामड्याची मागणीही आटली. ज्यांच्यावर हे काम जातीने लादले गेले होते, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ते सोडले, यात हळहळण्यासारखे काही नाही. मात्र हे ज्ञान वाड्यांमध्ये कधी शिरलेच नव्हते, ही गोष्ट आज वाड्यातून येणारी विचारणा ऐकताना लक्षात ठेवावी.

शिवाय ही रीत केसाळ कातड्याला चालत नाही, कारण चुना पहिल्यांदा केसच काढतो. केस राखायचे तर मीठ, तुरटी आणि नंतर तेल असा मार्ग घ्यावा लागतो, आणि तुरटीने केलेले कातडे पाण्यात भिजले तर तुरटी धुऊन जाते व ते पुन्हा कच्च्यासारखे होते. नाशिकच्या पावसाळ्यात माळ्यावरची जुनी कातडी का बिघडतात, याचे एक कारण इथे आहे. परदेशी कृतींमध्ये चरबी खरवडण्यावर जो भर असतो, तो थंड प्रदेशातील अस्वले हिवाळ्याआधी अंगावर चरबी साठवतात म्हणून. आपले अस्वल शीतनिद्रा घेत नाही, त्याचे केस लांब व राठ असतात आणि त्यांखाली मऊ लोकरही नसते.

आजोबा-पणजोबांच्या काळात शिकारीवर 1912 चा केंद्रीय कायदा आणि नंतर मुंबई राज्याचा 1951 चा कायदा होता. ज्यांना परवडे ते कातडी म्हैसूरसारख्या ठिकाणी पाठवून भुसा भरलेली मुंडकी आणि गालिचे करून आणत. बाकीच्यांची कातडी मीठ चोळून वाळवलेल्या अवस्थेतच राहिली. हा फरक तेव्हा ऐपतीचा होता, पुढे तो कायद्याचा झाला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील गुंता नेमका या फरकात आहे. संरक्षित प्राण्याची कोणती वस्तू पूर्वपरवानगीशिवाय मिळवू वा जवळ ठेवू नये, हे सांगताना कायद्याने न कमावलेली ट्रॉफी (म्हणजे कातडे, मुंडके, शिंगे यांसारखा प्राण्याचा अवयव) आणि खारवलेली किंवा वाळवलेली कातडी यांचा नावानिशी उल्लेख केला. परवाना कमावण्याचा धंदा करणाऱ्याला लागतो. घरात एखादे कातडे कमावणे हा धंदा नव्हे, असा युक्तिवाद त्यामुळे काही जण करतात. तो ऐकायला बरा वाटतो, पण टिकत नाही, कारण कमावण्यासाठी जे कच्चे कातडे हातात असावे लागते, तेच जवळ बाळगण्यास मनाई आहे. मेलेले अस्वल जंगलात सापडले, तरी ते राज्य शासनाच्या मालकीचे ठरते.

यानंतरचा निर्णय सर्वांत वादाचा. 1 एप्रिल 2003 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मालकी प्रमाणपत्राशिवाय (वस्तू कायदेशीरपणे आपली असल्याचा वन्यजीव अधिकाऱ्यांचा दाखला) कमावलेली ट्रॉफीही नव्याने मिळवण्यास बंदी घातली, वारसाहक्काचा अपवाद ठेवला आणि वारसाने 90 दिवसांत घोषणा करावी असे म्हटले. सोबत 18 एप्रिल 2003 च्या नियमांनी, ज्यांच्याकडे नोंद नसलेल्या वस्तू होत्या त्यांना त्या जाहीर करण्यासाठी 180 दिवसांची एकदाच सवलत दिली. समर्थकांच्या मते यामुळे घरोघरी दडलेला साठा निदान कागदावर आला. विरोधकांच्या मते तीस वर्षे लपवलेल्या वस्तूंना राजमान्यता मिळाली. दोन्ही बाजूंनी संस्थानिक आणि मोठे संग्राहक डोळ्यांपुढे ठेवले. माळ्यावर ट्रंक असलेल्या साध्या कुटुंबाचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. नाशिकपुरते सांगायचे तर ही मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होती आणि मधले महिने सिंहस्थाचे होते. शहर आणि प्रशासन पर्वणीच्या गर्दीत गुंतलेले असताना घरातील कातडे घेऊन वन खात्याकडे जाणे कितीजणांना सुचले असेल, हा प्रश्न रास्त आहे. ज्यांनी ती मुदत चुकवली, त्यांच्या वारसांकडे आज वस्तू आहे आणि कागद नाही.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने यात एक दार उघडले, तेही अर्धेच. प्रमाणपत्रधारकाला वस्तू नको असेल, तर सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे राज्याच्या वन्यजीव विभागाच्या प्रमुखांकडे, जमा करता येते. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी ही तरतूद नाही. अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने गुन्हा सिद्ध झाल्यास शिक्षा किमान तीन वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड अशी आहे. त्यामुळे ट्रंकेतल्या कातड्याला मीठ-तुरटी लावण्याआधी आजोबांच्या कागदांच्या पिशवीत मालकी प्रमाणपत्र आहे का, हे पाहावे लागते, आणि ते नसेल तर कातड्याला हात न लावता वकिलाचा सल्ला घेऊन वन खात्याशी संपर्क साधावा लागतो.